विमानतळावरून परत पाठवलं होतं. जोडीदाराच्या व्हिसाच्या फॉर्मवर काय लिहायचं?

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच प्रश्नाभोवती फिरतात. लग्न झालं, अमेरिकेतल्या जोडीदाराने आय-१३० (नातेवाईकाला बोलावण्याचा अर्ज) भरला, तो मंजूर होऊन प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी शुल्क आणि कागद गोळा करणारं अमेरिकेचं कार्यालय) गेलं, ३२५ आणि १२० डॉलरची दोन्ही शुल्कं भरून झाली. मग डीएस-२६० (कायम राहायला जाणाऱ्यांचा ऑनलाइन व्हिसा फॉर्म) उघडला आणि गाडी इथे अडली: तुम्हाला कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला आहे का, प्रवेश नाकारला आहे का, किंवा प्रवेशाच्या ठिकाणी तुम्ही स्वतःचा अर्ज मागे घेतला आहे का? विचारलेल्या गोष्टी तीन आणि उत्तराचं खूण करायचं बटण एकच. तिघांपैकी एकही घडली असेल तर उत्तर ‘हो’.

प्रश्न : २०२२ मध्ये मी पर्यटक व्हिसावर शिकागोला उतरले. आत नेऊन बराच वेळ चौकशी केली, फोन तपासला, कागदांवर सह्या घेतल्या आणि पुढच्या विमानाने परत पाठवलं. पासपोर्टमधला व्हिसाही रद्द केला. आता लग्न झालंय, नवरा अमेरिकन नागरिक आहे. एजंट म्हणतो, ‘तुम्हाला डिपोर्ट केलेलं नाही, शिवाय पासपोर्टही नवा आहे, बिनधास्त नाही लिहा.’ काय करू? (एक वाचक, सांगली)

एजंटचं ऐकू नका. त्याचं पहिलं वाक्य कदाचित खरं असेल, पण फॉर्ममध्ये डिपोर्ट केलं का एवढंच विचारलेलं नाही. प्रवेश नाकारला का आणि अर्ज मागे घेतला का, हेही त्याच ओळीत आहे. नव्या पासपोर्टचा तर काहीच उपयोग नाही. दहा बोटांचे ठसे तेव्हाही दिले होते, आताही द्यायचे आहेत, आणि मुलाखतीला बसलेल्या अधिकाऱ्यासमोर जुनी नोंद उघडलेली असते. व्हिसा रद्द झाला होता का, हा प्रश्नही फॉर्ममध्ये वेगळा येतो. तिथेही ‘हो’च.

आता खरा मुद्दा. परत पाठवण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि तुमचं पुढचं सगळं त्यातला कोणता वापरला गेला यावर अवलंबून आहे. सह्या केल्यावर तुमच्या हातात दिलेले कागद शोधा आणि कोपऱ्यातला फॉर्म क्रमांक वाचा.

आय-२७५ असेल तर तुम्हाला प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ दिला गेला. हा हद्दपारीचा आदेश नाही आणि त्याने ठरावीक वर्षांची बंदी लागत नाही. आय-८६० असेल तर ती त्वरित हद्दपारी. न्यायाधीशासमोर सुनावणी झाली नसली तरी तो आदेशच असतो आणि पहिल्या वेळी त्याने पाच वर्षांची बंदी लागते. ती संपण्याआधी जायचं असेल तर आय-२१२ हा परवानगीचा वेगळा अर्ज करावा लागतो. पाच वर्षं देशाबाहेर काढून झाली असतील तर आय-२१२ ची गरज नाही, पण वरच्या प्रश्नाचं उत्तर तरीही ‘हो’. प्रश्नात ‘कधीही’ असा शब्द आहे, त्याला मुदत नाही. सुरक्षेच्या विभागात हद्दपारीबद्दल वेगळे प्रश्न आहेत. तिथे मात्र आय-२७५ वाल्यांनी घाबरून ‘हो’ करू नये. प्रश्न शब्दन् शब्द वाचून, हातातल्या कागदाला धरून उत्तर द्यावं.

दोन्ही मार्गांत एक तिसरा कागद बहुधा असतो आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत: शपथेवरचा जबाब. अधिकाऱ्याचा प्रश्न, तुमचं उत्तर, पुन्हा प्रश्न, असा टाइप केलेला आणि पानापानावर तुमची आद्याक्षरं घेतलेली. समजा, दुसऱ्या पानावर ‘फिरायला आले’ असं उत्तर आहे आणि चौथ्या पानावर, फोनमधले मेसेज दाखवल्यानंतर, ‘बहिणीचं बाळंतपण आहे, सहा महिने बाळ सांभाळणार होते, ती थोडे पैसे देणार होती’ असं. आपल्याकडे बहिणीच्या मदतीला जाण्यात कुणाला वावगं वाटत नाही, पण पैसे घेऊन बाळ सांभाळणं पर्यटक व्हिसावर कामच ठरतं. आणि खरी अडचण कामापेक्षा आधीच्या ‘फिरायला’ या उत्तराची आहे. ते जाणूनबुजून केलेलं खोटं विधान ठरलं तर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२(ए)(६)(सी)(आय) लागतं आणि ती बंदी पाच-दहा वर्षांची नाही, कायमची असते. आय-२७५ मिळाला म्हणून हे कलम लागणारच नाही असं धरून चालू नका. वाणिज्य दूतावासातला अधिकारी तोच जबाब वाचून स्वतः निर्णय घेऊ शकतो.

कागद हरवले असतील तर अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमा संरक्षण खात्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. तिकडे त्याला ‘फोया’ म्हणतात, तो ऑनलाइन होतो. त्यात विमानतळ, तारीख, विमान क्रमांक आणि तेव्हाचा पासपोर्ट क्रमांक द्या आणि दुय्यम तपासणीची (आत नेऊन केलेल्या चौकशीची) टिपणं, शपथेवरचा जबाब, आय-२७५ किंवा आय-८६० अशी नावानिशी मागणी करा. उत्तराला महिने लागू शकतात, म्हणून आय-१३० प्रलंबित असतानाच अर्ज केलेला बरा.

या अर्जात मराठी बायकांची एक हमखास चूक होते. नोंद माहेरच्या नावावर असते: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर नवा पासपोर्ट नवऱ्याच्या नावाने आणि काही घरांत तर पहिलं नावही बदलून. अर्ज नव्या नावाने केला की ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येतं आणि अर्जदार खूश होते की काही नोंदच नाही! अर्ज दोन्ही नावांनी करा. डीएस-२६० मध्ये ‘आणखी कोणती नावं वापरली’ इथेही माहेरचं नाव पूर्ण लिहा.

‘हो’ केल्यावर खुलाशाची चौकट उघडते. ती छोटी असते आणि तिथे आत्मकथा नको. फॉर्म इंग्रजीत भरायचा, पण आशय इतकाच असू द्या (तारीख अर्थातच तुमची; बी-१/बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसा):

‘१४ मार्च २०२२ रोजी शिकागो ओहेअर विमानतळावर बी-१/बी-२ व्हिसावर आले. दुय्यम तपासणीनंतर प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ दिला, फॉर्म आय-२७५. व्हिसा रद्द झाला. लगेच भारतात परतले. त्यानंतर अमेरिकेला जाण्याचा प्रयत्न केलेला नाही.’

अधिकारी उद्धट होता, भाषा कळली नाही, मला रडू आलं, हे सगळं खरं असलं तरी चौकटीत घालू नका. दुभाषा दिला नव्हता किंवा जबाबात चुकीचं टाइप झालं असं तुमचं म्हणणं असेल तर ते वेगळ्या निवेदनात, जबाबाचं पान आणि ओळ सांगून मांडावं. आणि जबाब हातात येण्याआधी कारण लिहूच नका. आठवणीतून लिहिलेलं कारण जबाबाशी जुळलं नाही तर जुनं प्रकरण राहतं बाजूला आणि नवंच सुरू होतं.

जबाबात वर सांगितल्यासारखा विरोधाभास दिसला तर एजंट सोडा आणि अमेरिकेत परवाना असलेला इमिग्रेशन वकील गाठा. कायमच्या बंदीवर जोडीदाराच्या प्रकरणात माफीचा रस्ता आहे, आय-६०१ हा अर्ज. त्यात अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती, पत्नी, आई किंवा वडील यांना कमालीची हालअपेष्टा होईल हे पुराव्याने दाखवावं लागतं. मुलांची हालअपेष्टा त्यात थेट धरत नाहीत. हा अर्ज आधी भरून ठेवता येत नाही. मुलाखतीत अधिकाऱ्याने अपात्र ठरवल्यावरच तो करायचा, पण पुरावे (नवऱ्याची वैद्यकीय कागदपत्रं, कर्ज, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील) आधीपासून जमवायला हरकत नाही.

प्रश्न : २०१६ आणि २०१७ मध्ये दोनदा विद्यार्थी व्हिसा नाकारला. कागद नाहीत, तारखा आठवत नाहीत. यामुळे बायकोने केलेला अर्ज अडेल का? (एक वाचक, नाशिक)

या नकारांमुळे अडणार नाही. बहुधा ते कलम २१४(बी) खाली होते, म्हणजे ‘तुम्ही परत याल याची खात्री पटली नाही’. आता तुम्ही कायमचं राहायलाच निघाला आहात, त्यामुळे ते कलम इथे गैरलागू. दोन्ही नकार लिहा, महिना आणि वर्ष अंदाजे दिलं तर ‘अंदाजे’ असं स्पष्ट म्हणा. जुन्या ईमेलमध्ये डीएस-१६० ची (तेव्हा भरलेल्या तात्पुरत्या व्हिसाच्या फॉर्मची) पोच आणि मुलाखतीच्या वेळेची चिठ्ठी शोधा, तारीख तिथे सापडते.

काळजी करायची तर तेव्हाच्या फॉर्ममधल्या उत्तरांची करा. डीएस-१६० मध्ये अमेरिकेत कोण नातेवाईक आहेत हे विचारतात. ‘भाऊ तिकडे आहे म्हटलं की नाकारतात’ या समजातून कित्येकांनी तिथे ‘कोणी नाही’ लिहिलेलं असतं आणि आताच्या कागदांत तोच भाऊ आय-८६४ वर, म्हणजे आर्थिक हमीच्या फॉर्मवर, सहप्रायोजक म्हणून सही करतो. नोकरी आणि शिक्षणाच्या तारखाही अशाच ताडून पाहा. फरक सापडला तर खरं तेच लिहा, आणि तो फरक अधिकाऱ्याने काढण्याआधी तुम्ही काढा.

प्रश्न : एच-१बी च्या वेळी २२१(जी) ची चिठ्ठी दिली, कागद नेऊन दिले, महिन्याभरात व्हिसा मिळाला. हा नकार धरायचा का? (एक वाचक, पुणे)

धरायचा. कायद्याच्या दृष्टीने तो नकारच आहे, तेव्हा वेबसाइटवरच्या स्थितीतही बहुधा ‘रिफ्यूज्ड’ असंच दिसलं असेल. ‘हो’ करा आणि पुढे एक ओळ: कागद अपुरे होते, दिल्यावर अमुक तारखेला व्हिसा मिळाला. याने कुणाचं काही बिघडत नाही.

प्रश्न : फॉर्म एजंटने भरला, नकाराच्या प्रश्नाला ‘नाही’ केलंय हे आत्ता कळलं. फॉर्म सादर झालाय, मुलाखतीची तारीख यायची आहे. (एक वाचक, ठाणे)

वेळ गेलेली नाही. सादर केलेला डीएस-२६० तुमच्याकडून उघडत नाही, पण नॅशनल व्हिसा सेंटरला त्यांच्या ऑनलाइन चौकशी फॉर्मवर प्रकरण क्रमांक आणि इनव्हॉइस क्रमांक देऊन तो परत खुला करायला सांगता येतं. कोणत्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तेही तिथेच लिहा, म्हणजे तुम्ही स्वतःहून सांगितल्याची लेखी नोंद राहते. खुला झाला की दुरुस्त करा, पुन्हा सादर करा आणि नवं पुष्टिपत्र छापून घ्या. मुलाखतीला तेच न्यायचं. प्रकरण मुंबईला पोचलं असेल तर हीच विनंती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासाला करायची.

यातलं काहीच जमलं नाही तरी एक संधी उरते. मुलाखतीच्या खिडकीवर उजवा हात वर करून, फॉर्ममधलं सगळं खरं आहे अशी शपथ घ्यावी लागते. शपथेच्या आधी, अधिकाऱ्याने काही विचारण्याआधी, ‘एका उत्तरात चूक आहे, ती दुरुस्त करायची आहे’ असं सांगा. वेळेत आणि स्वतःहून केलेली दुरुस्ती खोटं विधान धरत नाहीत. त्याने जुनी नोंद दाखवल्यावर ‘हो, तेच सांगणार होतो’ म्हणणं याला मात्र वेळेत म्हणत नाहीत. इंग्रजी बोलताना गडबड होत असेल तर मुलाखत मराठीत मागा.

‘एजंटने भरलं, मला ठाऊक नव्हतं’ हे एकट्याने चालत नाही. सही तुमची आहे. आय-१३० मध्येही लाभार्थ्याच्या आधीच्या प्रवासाबद्दल आणि इमिग्रेशनच्या कारवाईबद्दल विचारलेलं असतं. नवऱ्याने किंवा बायकोने तिथे काय लिहिलंय ते एकदा मागवून वाचा, कारण दोन फॉर्म दोन गोष्टी सांगत असतील तर एकच दुरुस्त करून भागणार नाही.

प्रश्न : बायको कॅनडात कायम निवासी आहे. मला शेंगेनचा (युरोपातल्या देशांचा सामायिक) व्हिसा एकदा नाकारला होता. कॅनडाला त्याच्याशी काय देणंघेणं? (एक वाचक, म्हापसा)

देणंघेणं आहे. अमेरिकेचा वरचा प्रश्न फक्त अमेरिकेच्या नकाराबद्दल आहे, तिथे शेंगेन लिहायची गरज नाही. कॅनडाच्या आयएमएम ५६६९ या फॉर्ममध्ये मात्र ‘कॅनडा किंवा इतर कोणत्याही देशाने’ व्हिसा किंवा प्रवेश नाकारला आहे का, असं विचारतात. म्हणजे शेंगेन, दुबई, अमेरिका, सगळं आलं. लपवल्याचं सिद्ध झालं तर तिथल्या कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं अपात्रता, आणि त्या काळात कायम निवासासाठी अर्जही करता येत नाही. शेंगेनचा नकार छापील नमुन्यावर, कारणापुढे खूण करून मिळतो. त्याची प्रत जोडा आणि खाली दोन ओळींत देश, महिना-वर्ष आणि खूण केलेलं कारण लिहा.