ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवला, आणि टेस्टचा स्कोअर घसरला?
एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर ना? मग आधी बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बघ, सगळे कोर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) ४.४ गिगाहर्ट्झवर फिक्स केलेत का. हा प्रोसेसर एकेका कोरवर आपणहून ४.६ पर्यंत जातो. फिक्स केलंस की तो बूस्ट गेला, सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या टेस्टचा सिंगल-कोर स्कोअर पडणारच. मल्टी-कोरही पडला असेल तर माझा संशय व्होल्टेजवर. ते कमी पडलं की रायझन कधीकधी हँग न होता गुपचूप क्लॉक ताणतो: आकडा ४.४ दिसतो, काम मात्र कमी. टेस्ट चालू असताना एचडब्ल्यूइन्फो या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक' (प्रत्यक्षात मिळणारा वेग) बघ. तो बराच खाली असेल तर चोर सापडला. तापमान ९५ अंशांना टेकत असेल तर आधी कूलरचं बघ. मला विचारशील तर फिक्स क्लॉक काढ, पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, प्रोसेसरला आपणहून जास्त बूस्ट घेऊ देणारी सेटिंग) लाव, आणि एका वेळी एकच सेटिंग बदल.