स्थानिक बॅटरी कारखान्यांना सरकारने पैसे दिले तर उद्योग खरंच उभा राहतो, की पैसा पाण्यात जातो?

दोन्ही घडलेलं आहे. पैसा कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या बदल्यात दिला, यावर ते ठरतं. मी बॅटरी पॅक बनवण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

तयार सेल, म्हणजे बॅटरीचे सुटे घटक, आणून जोडायचे, त्यांच्या चार्जिंगवर आणि तापमानावर लक्ष ठेवणारा बीएमएस बसवायचा आणि पॅक बनवायचा, हे काम तुलनेने कमी भांडवलात सुरू होतं. सेल बनवणं ही मात्र वेगळीच गोष्ट. धातूच्या पातळ पत्र्यावर रसायनाचा थर देणं (कोटिंग), तो रोलरखाली दाबणं (कॅलेंडरिंग), इलेक्ट्रोलाइट हा द्रव भरणं, मग पहिलं चार्जिंग (फॉर्मेशन) आणि सेल काही काळ ठेवून तपासणं (एजिंग). ड्राय रूममधली हवा सतत कोरडीठाक ठेवावी लागते, त्याचं वीजबिलच डोळे फिरवतं. यंत्रं बसली म्हणून चांगला सेल बाहेर पडत नाही. कोटिंगची जाडी थोडी चुकली किंवा धातूचा एखादा बारीक कण आत राहिला की सेल बाद, आणि महागडा कच्चा माल तर वापरून झालेला असतो. रिजेक्शनचा हा काळ महिनोन्महिने चालतो. नवे कारखाने मरतात ते बहुतेक इथेच, कारण बँकाही नेमक्या याच वेळी हात आखडता घेतात.

स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या सेल बनवणाऱ्या कंपनीकडे पैशाची कमतरता नव्हती, सरकारी पाठबळही होतं. पण उत्पादन ठरल्याप्रमाणे वाढेना. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने सुमारे २ अब्ज युरोची ऑर्डर काढून घेतली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत ए१२३ सिस्टिम्स या बॅटरी कंपनीला २००९ मध्ये सुमारे २४.९ कोटी डॉलरचं अनुदान मंजूर झालं होतं. इलेक्ट्रिक गाड्यांना तेव्हा गिऱ्हाईकच कमी, त्यात सदोष बॅटऱ्या बदलून देण्याचा खर्च आला. २०१२ मध्ये दिवाळं निघालं आणि बराचसा व्यवसाय चीनच्या वानशियांगने विकत घेतला.

याउलट ब्रिटिशव्होल्ट या ब्रिटनमधल्या बॅटरी कंपनीचं बघा. ब्रिटन सरकारने १० कोटी पौंड देऊ केले होते, पण काम अमुक टप्प्यापर्यंत पोहोचल्यावरच. ते टप्पे गाठले गेले नाहीत, जानेवारी २०२३ मध्ये कंपनी कोसळली, आणि ते पैसे सरकारकडेच राहिले. अट अशी लिहायची असते!

म्हणून मला उत्पादनाशी बांधलेली मदत जास्त पटते. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यात तिथे बनवून विकलेल्या सेलच्या साठवण क्षमतेच्या दर किलोवॅट-तासामागे ३५ डॉलरची करसवलत ठेवली. भारताच्या २०२१ च्या १८,१०० कोटी रुपयांच्या योजनेतही अनुदान विक्री आणि देशांतर्गत मूल्यवर्धन यांच्याशी जोडलेलं आहे. तरीही भारतात ठरलेल्या मुदतीत ठरलेली क्षमता उभी राहिली नाही. सेलचा अनुभव, यंत्रं चालवणारी माणसं आणि कॅथोड, ग्रॅफाइट, सेपरेटर या सेलच्या आतल्या मालाचे जवळचे पुरवठादार नुसत्या अनुदानाने एका रात्रीत तयार होत नाहीत.

चीनने गिऱ्हाईकही तयार केलं. २०१५ पासून काही वर्षं मान्यताप्राप्त बॅटरी उत्पादकांची यादी होती. त्या यादीतल्या कंपनीची बॅटरी नसेल तर गाडीला अनुदान मिळणं अवघड, आणि कोरियन कंपन्या त्या यादीबाहेर राहिल्या. सीएटीएल ही चिनी बॅटरी कंपनी त्याच काळात मोठी झाली. परदेशी स्पर्धकांच्या दृष्टीने हे अन्यायाचंच होतं, पण कारखान्याला विक्रीची खात्री मिळाली हे नाकारता येत नाही.

आता छोट्यांबद्दल, कारण त्यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो. आधी बनवा, विका, मग पैसे मिळतील, ही अट मोठ्या घराण्याला परवडते. छोट्याचं खेळतं भांडवल तोवर संपून जातं. त्याच्यासाठी मदतीचं रूपच वेगळं हवं. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ सरकारी पैशातून उभं राहिलेलं एक केंद्र २०२१ पासून सुरू आहे. स्वतःची उत्पादन लाइन टाकण्याआधी कंपन्या तिथे भाडं भरून आपला सेल मोठ्या यंत्रांवर बनवून बघू शकतात. अशी सामायिक पायलट लाइन (चाचणीपुरतं उत्पादन करून बघण्याची), परवडणाऱ्या दरात सुरक्षा चाचण्या करणारी प्रयोगशाळा आणि खेळत्या भांडवलाच्या कर्जाला सरकारी हमी, एवढं मिळालं तर आमच्यासारखे बरेच जण अनुदानाची वाट बघत बसणार नाहीत. तुमच्याकडच्या योजनेत या तीन गोष्टींसाठी किती तरतूद आहे, ते आधी तपासा.