पहिला बेस घेताना

पहिलाच बेस, म्हणजे बेस गिटार, आहे ना, मग चार तारांचा घे. पाच तारांचा मोह मला कळतो, पण आधी चार तारा वाजवायला आणि नको त्या गप्प ठेवायला शीक. बहुतेक बेसची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच असते. बोटं पुरत नसतील तर ३० इंची शॉर्ट स्केल बिनधास्त घे, त्यात कमीपणा काही नाही.

हातात आला की आधी नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बघ. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाब, मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली डोकाव. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) घट्ट करावा लागेल, पण एका वेळी पाव फेराच, आणि सूर पुन्हा लावून मगच तपास. जोर लागतोय असं वाटलं तर तिथेच थांब, जाणकाराला दाखव.

अॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढच. जॅकमध्ये राहिली की बॅटरी उतरत राहते.

गिटारच्या छोट्या अॅम्पवर मात्र जोरात वाजवू नकोस. मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झवर घुमते, तो स्पीकर त्यासाठी बनलेलाच नसतो. माझा एक असाच फाटला. घरच्या सरावाला २० वॉट पुरतात. ड्रमरसोबत मी २०० च्या खाली जात नाही. आणि बँडमध्ये आवाज हरवला तर बेसचा (खालच्या सुरांचा) नॉब वाढवू नकोस, मिड (मधले सूर) वाढव.