'रिओ'ची कोणती आवृत्ती घ्यावी?

ड्युरान ड्युरान या ब्रिटिश बँडपासून, तेही त्यांच्या 'रिओ' अल्बमपासून सुरुवात करताय, झकास! पण लगेच महागड्या बॉक्स सेटवर उडी मारू नका. आधी १९८२च्या मूळ अल्बमची ९ गाणी क्रमाने ऐका. डेमो (कच्ची ध्वनिमुद्रणं), बी-साइड (सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूची गाणी) नंतर.

खरी गोम मिक्समध्ये, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवण्यात आहे. निर्माता कॉलिन थर्स्टन. पण अमेरिकेसाठी डेव्हिड केर्शनबॉमने काही गाणी नव्याने मिक्स केली. २००९च्या दोन सीडींच्या आवृत्तीत दोन्ही मिळतात. नवख्याला तीच पुरे.

नेहमीच्या चुका:
- 'रीमास्टर' (जुन्या ध्वनिमुद्रणाचा नव्याने सुधारलेला आवाज) म्हणजे सरसच, असं धरून चालणं. मोठा आवाज आधी गोडच लागतो, म्हणून पातळी सारखी करून मगच तुलना करा. शीर्षकगीतात बँडच्या जॉन टेलरच्या बास गिटारचा सूर न् सूर सुटा कळायला हवा.
- रंगीत रेकॉर्डला भुलणं.

प्रेसिंगच्या (रेकॉर्ड छापल्याच्या खेपेच्या) नंबरांच्या भानगडीत सध्या पडूच नका.