नाशिकहून स्वतःच्या गाडीने माउंट अबू आणि जैसलमेर: सहा दिवस पुरतील का?

तुम्ही विचारलंय की नाताळच्या सुट्टीत आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी घेऊन, साध्या पेट्रोल हॅचबॅकने नाशिक–अबू–जैसलमेर सहा दिवसांत करता येईल का, आणि गाडीला ते झेपेल का.

गाडीला झेपेल. सहा दिवसांत मात्र करू नका. जाऊन-येऊन साधारण 2,400 किलोमीटर होतात. सहा दिवसांत बसवायचे म्हणजे रोज चारशे, आणि त्यातले बरेचसे अंधारात. दहा दिवस काढता येत असतील तरच जैसलमेर ठेवा. नसतील तर अबू आणि उदयपूर करून परत या; तेही छान होतं, आणि आई-वडिलांच्या कमरेला मानवतं.

दहा दिवसांची मांडणी मी अशी करेन. पहिला मुक्काम वडोदरा: वणी, सापुतारा, वघई, चिखली करत मुंबई–अहमदाबाद हायवेला लागायचं, सुमारे 390 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी अहमदाबाद, मेहसाणा, पालनपूरमार्गे अबू, सुमारे 330. अबूत एक पूर्ण दिवस. मग जोधपूर (265), जैसलमेर (285) आणि तिथे दोन दिवस. परतताना बाडमेर, सांचोर, डीसा करत पालनपूर, मग भरूच, मग घर. पेठ–धरमपूर रस्त्यानेही खाली उतरता येतं, पण सावळघाट आणि कोटंबी घाटातली ट्रकची रांग पाहता मी सापुताराच घेईन.

निघण्याच्या आठवडाभर आधी टायर बघा. टायरच्या कडेला चार आकड्यांचा ठसा असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला, रबर आतून कडक झालेलं असतं. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असतो, पाच जण आणि सामान असताना तोच धरायचा. ‘लांब जायचंय, दोन पॉइंट कमी ठेवा’ हा पंपावरचा सल्ला ऐकू नका. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्याने तो तापतो, आणि हायवेवर तासभर शंभरच्या वेगाने गेलं की फुटू शकतो. स्टेपनीतही हवा भरून घ्या, ती नेमकी विसरली जाते.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि लांब उतारावर डिस्क तापली की त्यातल्या पाण्याची वाफ होते. मग पॅडल स्पंजासारखं खाली जातं. अबूहून आबू रोडला उतरताना 28 किलोमीटरमध्ये जवळजवळ हजार मीटर खाली यायचं असतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा किंवा तिसरा. न्यूट्रल अजिबात नाही. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. वळणाआधी ठामपणे दाबा, वेग कमी करा, सोडा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा एल (लो गिअर) मोड घ्या. जळका वास आला की रुंद जागा बघून अर्धा तास थांबा, आणि चाकांवर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकते. याची चाचणी पहिल्याच दिवशी सापुताऱ्यावरून वघईकडे उतरताना होते. तिथेच वास आला किंवा पॅडल मऊ लागलं, तर वडोदऱ्यात मेकॅनिककडे गेल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण जोरात लावा. काटा लाल रेषेवर गेला तर इंजिन बंद, आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही.

नाशिकची वाइन नातेवाइकांना भेट म्हणून डिकीत ठेवायची सवय असेल तर या वेळी नको, वाट गुजरातमधून जाते आणि तिथे दारूबंदी आहे. पेट्रोलचं उलट: गुजरातमध्ये राजस्थानपेक्षा स्वस्त, म्हणून सीमेआधी पालनपूरला टाकी फुल करा.

अबूत डिसेंबरच्या रात्री पारा शून्याजवळ जातो. आई-वडिलांना कानटोपी, पायमोजे आणि एक जाड शाल हाताशी हवी, बॅगेच्या तळाशी नको. देलवाड्याची मंदिरं पर्यटकांना दुपारी बारानंतर उघडतात, तेव्हा सकाळी गुरुशिखर (1,722 मीटर, अरवलीतलं सर्वांत उंच) उरकून घ्या.

समच्या वाळूच्या टेकड्या जैसलमेरपासून 40 किलोमीटर, आणि तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे. गाड्या रुततात त्या फोटोसाठी रस्त्याच्या कडेला उतरवल्यावर. वाळू वरून घट्ट दिसते, खाली पिठासारखी असते. चाक फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलेटर ताबडतोब सोडा. आणखी दोन सेकंद दाबलात तर गाडी पोटावर बसते. सगळ्यांना खाली उतरवा. पुढच्या चाकांपुढची आणि मागची वाळू हाताने किंवा ताटलीने काढा, पोटाखालचीही. चारही टायरची हवा 18–20 पीएसआयपर्यंत सोडा, म्हणजे टायर पसरून जास्त जागा धरतो. पायाखालचे मॅट पुढच्या चाकांच्या मागे सरकवा, ट्रॅक्शन कंट्रोलचं (चाक घसरलं की इंजिनचा जोर आपोआप कमी करणाऱ्या यंत्रणेचं) बटण असेल तर बंद करा, आणि रिव्हर्समध्ये, स्टिअरिंग सरळ ठेवून, आलात त्याच चाकोरीतून हळू मागे या. मॅट उडून येतात, मागे-पुढे कोणी उभं राहू नये. डांबरावर आल्या आल्या हवा परत भरायची, म्हणून गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप सोबत हवाच.

जोधपूरच्या पुढे अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. गाय, नीलगाय असतातच, पण खरा धोका उंटाचा. हेडलाइटच्या उजेडात त्याचे फक्त पाय येतात, आणि धडक बसली तर धड बॉनेटवरून थेट काचेवर येतं.

मुलीला घाटात मळमळत असेल तर पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही नको. दशमी, लाह्या पुरे. मागच्या सीटवर मधे बसवा, तीन बिंदूंचा बेल्ट तिथे असेल तरच, आणि मोबाइल काढून घ्या. बाडमेर रस्त्यासाठी पाच लिटरचे दोन कॅन पाणी.

घरी आल्यावर एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर उघडून बघा. कागदी फिल्टरवर बाहेरून हवेचा झोत मारला तर धूळ आत घुसते. मळलेला असेल तर सरळ नवा टाका.