शिकलेली मुलं आपल्या भागात टिकावीत म्हणून शिष्यवृत्तीला बाँडची अट घालावी का?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा आहे, की सार्वजनिक पैशावर शिकलेली मुलं निघून जातात, तर मग ठरावीक वर्षं इथंच काम करण्याचा बाँड का लिहून घेऊ नये?

बाँडनं मुलं थांबतात, पण बाँड संपेपर्यंतच. सगळी तर तेवढीही थांबत नाहीत. ज्यांच्या घरी दंडाची रक्कम भरायची ऐपत आहे ती भरून मोकळी होतात, बाकीची अडकून राहतात. अट सगळ्यांना सारखी असली तरी तिचा भार पडतो गरिबावर. एका शिष्यवृत्ती निधीच्या निवड समितीवर मी नऊ वर्षं काम केलं आहे आणि पहिली चार वर्षं मी बाँडच्याच बाजूनं बोलत होतो. आज ते मत मला चुकीचं वाटतं.

तुमचं दुखणं मात्र खरं आहे. मूल मोठं होईपर्यंतचा शाळेचा, दवाखान्याचा खर्च त्याचा भाग सोसतो. कमवायला लागल्यावर ते कर भरतं दुसरीकडे, घर घेतं दुसरीकडे. खर्च एकाचा आणि मिळकत दुसऱ्याची. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात यावर तोडगा सुचवला होता. परदेशी गेलेल्या उच्चशिक्षितांच्या तिथल्या कमाईवर जादा कर लावायचा आणि तो पैसा विकासाच्या कामी आणायचा. चर्चा पुष्कळ झाली, पण असा कर वसूल करायचा तर मुलं जिथं गेली त्या देशाची साथ लागते, आणि ज्याला फायदा होतोय तो साथ कशाला देईल?

सक्तीचा रस्ता हंगेरीनं धरून पाहिला. २०१२ साली तिथं सरकारी खर्चानं शिकणाऱ्यांकडून, पदवीनंतर काही वर्षं देशातच काम करू, असा करार घेणं सुरू झालं. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, मुदतीची अट सैल करावी लागली. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते ती अशी, की अठरा वर्षांच्या मुलाला आपल्याच मातीबद्दलचा पहिला सरकारी कागद मिळतो तो धमकीचा.

आमच्या निधीतून शिकलेली एक मुलगी लॅब टेक्निशियन होऊन परत आली होती. मी भेटायला गेलो तेव्हा ती रजिस्टरमध्ये रेघा आखत बसली होती. तिच्या मागं सेल काउंटर, म्हणजे रक्तपेशी मोजायचं यंत्र होतं, त्यावर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर धुळीचा थर. तपासणीला लागणारं रसायन, रिएजंट, सात महिने आलं नव्हतं. ती रोज सॅम्पल घ्यायची, नळ्यांवर नावं चिकटवायची आणि खोका बाहेर पाठवून द्यायची. "सर, शिकलेलं विसरत चाललेय," एवढंच ती म्हणाली. बाँडची मुदत संपली त्याच आठवड्यात ती गेली. तिला कुठल्या तोंडानं दोष देऊ? आम्ही तिच्या फीवर खर्च केला होता. तिच्या हाताला काम राहील यासाठी काहीच केलं नव्हतं.

मग टिकतं कोण? जिथं वाढला, त्याच भागात शिकला आणि शिकतानाच तिथल्या कामाला हात लावला, असा माणूस. याचं मला पटलेलं उदाहरण नॉर्वेच्या उत्तरेचं आहे. कडाक्याची थंडी, विरळ वस्ती, डॉक्टर मिळत नव्हते. डॉक्टरांना तिकडे पाठवत बसण्याऐवजी संसदेनं १९६८ साली ट्रोम्सो इथं विद्यापीठ काढायचं ठरवलं. तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणातच लहान रुग्णालयांत आणि गावच्या दवाखान्यांत काम करणं येतं. १९९३ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिथून बाहेर पडलेल्या डॉक्टरांपैकी सुमारे ५६ टक्के उत्तरेतच काम करत होते, आणि मुळात उत्तरेत वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण ८२ टक्के होतं. या दोन आकड्यांतला फरक बघा. कॉलेज भागात असणं मोलाचं, पण त्यात भागातलीच मुलं घेणं त्याहून मोलाचं.

जपानमधलं जिची वैद्यकीय विद्यापीठ १९७२ पासून बाँडच चालवतं, आणि तिथं तो चालतो. प्रत्येक प्रांतातून दोन-तीनच मुलं निवडतात, फी कर्जाऊ देतात, आणि साधारण नऊ वर्षं आपल्या प्रांतात, त्यातली बरीचशी दुर्गम भागात, काम केलं की कर्ज माफ होतं. बहुतेक सगळे मुदत पुरी करतात. पण त्या मुलाला कोणत्या प्रांतात परत जायचंय ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, आणि तिथली यंत्रणाही त्याला आपला माणूस धरून कामाची जागा ठेवते. आपण वाद घालत बसतो बाँडच्या मसुद्यावर, आणि नेमकी ही बाजू कोरी राहते.

तुमच्या हातात निधी असेल तर दंडापेक्षा राहिल्याबद्दल देणं बरं. नॉर्वेतच १९९० पासून अगदी उत्तरेच्या पट्ट्यात राहून नोकरी करणाऱ्याचं शैक्षणिक कर्ज दरवर्षी थोडं थोडं माफ होतं. अमेरिकेतल्या कॅन्ससनंही २०११ साली ओस पडत चाललेल्या काउंट्यांसाठी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांसाठी, अशी योजना आणली, पाच वर्षांत १५ हजार डॉलरपर्यंत. यात माणूस एकेक वर्ष राहून बघू शकतो, घुसमट होत नाही. तरी नुसत्या सवलतीवर भिस्त ठेवू नका. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियानं पदवीधरांना दिलेली करसवलत २०१४ मध्ये बंद केली, कारण तिच्यामुळं मुलं थांबतायत असं सरकारलाच वाटेना.

मी निधीचे दहा भाग केले असते तर सहा फीसाठी ठेवले असते, तीन त्या मुलांच्या पहिल्या नोकरीच्या जागेसाठी, म्हणजे उपकरणं, रिएजंट, शिकवणारा वरिष्ठ. उरलेला एक भाग निघून गेलेल्यांसाठी. होय, गेलेल्यांसाठीच. तिशी-पस्तिशीत अनेकांना परतावंसं वाटतं. तेव्हा आड येतात जोडीदाराची नोकरी, भाड्याचं घर, मुलांची शाळा. आमच्याकडे गेलेल्या कुणाचा पत्ताही नव्हता. जागा निघाली की कळवायचं कुणाला? शेवटच्या दोन वर्षांत मी एक वही केली, नाव, शिक्षण, जोडीदाराचं काम, फोन. त्या वहीवरून तिघांना कळवलं आणि दोघं आली. एक आली ती तिच्या नवऱ्याला तिथंच शिक्षकाची जागा मिळाली म्हणून. तुम्ही आधी ती वही करा, बाँडचा मसुदा नंतर.