साठीनंतर रोज चालणं पुरेसं आहे का?

चालणं सोडू नका, पण तेवढ्यावर भागत नाही. साठीनंतर स्नायू झपाट्याने घटतात आणि चालण्याने मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठून बघा. झोका देऊन उठावं लागलं, तर मांड्या कमजोर झाल्यात समजा. व्यायामही हाच: सावकाश उठा, त्याहून सावकाश बसा, आठ-दहा वेळा. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, २ दिवस ताकदीचे आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. तोलाकडे तर कुणाचंच लक्ष नसतं! भिंतीजवळ एका पायावर उभं राहण्याचा सराव करा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची जरा उंच घ्या.